१९९६ चा 'टूम रेडर' आज खेळताना: आधी घरं मोजा, मग उडी मारा

इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन कंपनीचा 'टूम रेडर' हा व्हिडिओ गेम आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची पहिल्या दहा मिनिटांत हमखास चिडचिड होते. गेमची नायिका लारा क्रॉफ्ट वळायला वेळ घेते, भिंतीला धडकते, आणि उडीचं बटण दाबलं तरी आधीचं पाऊल पूर्ण झाल्याशिवाय उडत नाही. बरेच जण इथेच कंटाळून गेम बंद करतात. खरं तर हीच चाल समजून घेतली की पुढचे पंधरा लेव्हल उलगडत जातात, आणि हा गेम अजूनही किती काटेकोर रचलेला आहे ते कळतं.

सगळं जग बुद्धिबळाच्या पटासारखं एकाच मापाच्या चौरस घरांनी बांधलेलं आहे. गुहा कितीही ओबडधोबड दिसो, तिच्याखाली ही घरं असतातच, आणि लाराची प्रत्येक उडी त्याच मापात बसते. मधली दरी एक घर रुंद असेल तर उभ्या जागेवरून मारलेली उडी पुरते. दोन घरं असतील तर जागेवरून उडी मारून कडा पकडायची किंवा धावत उडी घ्यायची. तीन घरांसाठी धावत उडी आणि शेवटी पकड, दोन्ही लागतात. त्याहून रुंद दरी दिसली तर वाट दुसरीकडे आहे असं समजावं. डोळ्यांनी घरं मोजायची सवय लागली की अंदाजाने उड्या मारणं थांबतं.

धावत उडी चुकते ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या अंतरामुळे. चालायचं बटण दाबून ठेवून लाराला अगदी कड्यापर्यंत न्या. ते बटण दाबलेलं असताना ती खाली पडत नाही. मग ते सोडून मागचं बटण एकदाच दाबा, म्हणजे ती एक टुणकन उडी मागे घेते. एवढं अंतर धावेसाठी बरोबर पुरतं. आता पुढचं बटण दाबा आणि ती धावायला लागताच उडीचं बटणही दाबून धरा. पाय कड्यावर पडला की ती आपोआप झेपावते. कड्याच्या फार जवळून धाव घेतली तर उडीपुरती पावलंच पडत नाहीत आणि ती सरळ खाली जाते. उडीचं बटण उशिरा दाबलं तरी तेच. पकडीसाठी लारा हवेत असतानाच अ‍ॅक्शनचं बटण दाबून धरायचं आणि ती वर चढेपर्यंत सोडायचं नाही. समोरच्या कड्याकडे तिचं तोंड बऱ्यापैकी सरळ हवं. तिरकं गेलं तर हात लागत नाहीत. मुख्य मेनूमधून लाराच्या घरी जाता येतं. तिथल्या व्यायामशाळेत हे सगळं निवांत घोटून घ्या, मगच पहिल्या लेव्हलच्या, पेरू देशातल्या गुहांत शिरा.

आज खेळायला सोयीची आवृत्ती म्हणजे अ‍ॅस्पायरने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी आणलेलं पहिल्या तीन भागांचं रीमास्टर, म्हणजे जुन्याच गेमना दिलेलं नवं रूप. त्यात कंट्रोल दोन तऱ्हेचे आहेत: मूळचे 'टँक' आणि नवे 'मॉडर्न'. आमचं मत स्पष्ट आहे, टँकच निवडा. मॉडर्नमध्ये दिशा कॅमेऱ्याच्या कोनावरून ठरते, आणि या गेमचा कॅमेरा कोपऱ्याकोपऱ्यात स्वतःहून फिरतो. धावता धावता कोन बदलला की सरळ चाललेली लारा वाकडी होते आणि मोजूनमापून घेतलेली धाव वाया जाते. टँकमध्ये पुढे म्हणजे लाराच्या पुढे, मग कॅमेरा कुठूनही बघत असो.

नवे ग्राफिक्स देखणे आहेत, पण बऱ्याच खोल्या मूळपेक्षा अंधाऱ्या झाल्यात. एखादी किल्ली किंवा भिंतीवरचा खटका सापडेनासा झाला तर कीबोर्डवरचं एफ१ दाबून जुन्या ग्राफिक्सवर या. तिथला सपाट उजेड वस्तू लगेच दाखवून देतो. जुन्या रूपात चित्र सेकंदाला ३० फ्रेमनेच चालतं, त्यामुळे शोधाशोध झाली की परत नव्यावर जाणं बरं.

लेव्हल्सच्या रचनेत 'सेंट फ्रान्सिस फॉली'ला तोड नाही. मध्ये एक खोल, उभी विहिरीसारखी पोकळी आणि तिच्या भिंतींना पाश्चात्त्य दंतकथांमधल्या नावांची चार दारं: नेपच्यून, अ‍ॅटलस, डॅमोक्लिस आणि थॉर. नेपच्यूनकडे पाणी, अ‍ॅटलसकडे मागे लागणारा प्रचंड गोळा, डॅमोक्लिसकडे छताला टांगलेल्या तलवारी, तर थॉरकडे वीज आणि वरून कोसळणारा हातोडा. नाव वाचूनच आत काय वाढून ठेवलंय याचा सुगावा लागतो. चारही किल्ल्या घेऊन तळाशी उतरायचं असतं, म्हणजे हीच पोकळी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या उंचीवरून पार करावी लागते. उतरताना कड्याकडे पाठ करून लटकायचं आणि मग हात सोडायचे. पडण्याची उंची कमी होते आणि जीव वाचतो. 'लॉस्ट व्हॅली'मध्ये तीन दातेरी चाकं यंत्राला बसवून पाण्याचा प्रवाह वळवायचा असतो. तिथल्या टी-रेक्स डायनासोरशी मोकळ्यावर झुंजू नका, जबड्यात सापडलात की खेळ खलास. त्याचं तोंड शिरणार नाही अशा कपारीत उभं राहून गोळ्या झाडा.

मारामारी मात्र आज फिकी वाटते. पिस्तुलं काढली की नेम आपोआप लागतो, आणि आपण उरतो ते फक्त आजूबाजूला उड्या मारायला. लांडगे, अस्वलं यांच्यासाठी उंच ठोकळ्यावर चढून गोळीबार केला की काम झालं. इजिप्तच्या लेव्हल्समध्ये खटके शोधत मागे-पुढे फिरणंही लांबतं.

नेथन मॅक्रीच्या संगीताचं कौतुक करावं तेवढं थोडं. ते सतत वाजत राहत नाही. बराच वेळ नुसती पावलं आणि गुहेतला घुमणारा आवाज असतो, आणि एखादं भव्य दालन उघडलं की दोन-चार सूर येऊन जातात.

सेव्हबाबत सावध राहा. मूळ प्लेस्टेशनवर ठरावीक जागी ठेवलेल्या स्फटिकांवरच सेव्ह करता यायचं, आणि एक स्फटिक एकदाच चालायचा. पीसीवर आणि रीमास्टरमध्ये कुठेही करता येतं, पण त्यात धोकाही आहे: पडता पडता किंवा पाण्याखाली श्वास संपत आलेला असताना सेव्ह केलं तर तीच फाइल उघडून परत परत मराल. निदान तीन वेगवेगळ्या फाइली ठेवा, आणि त्यातली एक प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीची असू द्या. काट्यांमधून जायचं असेल तर धावू नका. चालण्याचं बटण दाबून गेलं की ओरखडाही उठत नाही.

रीमास्टरसोबतच्या 'अनफिनिश्ड बिझनेस' या जोडभागामध्ये चार जादा लेव्हल आहेत, दोन इजिप्तच्या आणि दोन अटलांटिसच्या. मुख्य गेम संपवल्याशिवाय त्यांना हात लावू नका. तिथे शत्रू घोळक्याने येतात, म्हणून लाराची तब्येत भरून काढणारे छोटे-मोठे मेडिपॅक सुरुवातीपासून जपून वापरा.