फेंडर रम्बल ५०० : साडेसोळा किलोत गरब्यापासून कॅफेपर्यंत

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो, बडोद्यात गरबा, लग्नाचं संगीत, कॅफे, कॉलेज फेस्ट, मंडळाचा गणपती असं मिळेल ते सगळं वाजवत असाल आणि बास गिटारसाठी एकच ॲम्प घ्यायचा असेल तर फेंडर रम्बल ५०० घ्या. कॉम्बो घ्या, म्हणजे ॲम्प आणि दोन दहा इंची स्पीकर एकाच पेटीत येतात. वजन साडेसोळा किलो, बस. मी हा नवरात्रात वाजवलाय, लग्नसराईत वाजवलाय, कॅफेच्या कोपऱ्यात बसून वाजवलाय, आणि आता दुसऱ्याच्या ॲम्पवर वाजवायचं म्हटलं की नकोसं होतं.

वजनाचं एवढं कौतुक का ते पुण्या-मुंबईच्या मित्रांना पटकन कळत नाही. त्यांच्याकडे पब आहेत, पबमध्ये स्टेज आहे, स्टेजवर ॲम्प आधीच मांडलेला असतो, हे लोक पाठीवर गिटार टाकून जातात आणि जॅक लावतात. आपल्याकडे दारूबंदी, पबच नाहीत, त्यामुळे कायमचं स्टेज आणि तिथला कायमचा ॲम्प हा प्रकार जवळजवळ नाहीच. आज अकोट्याला सयाजीराव नगरगृहात, उद्या कुठल्यातरी पार्टी प्लॉटवर, परवा फतेगंजच्या कॅफेत, आणि प्रत्येक ठिकाणी साऊंडवाला जे आणेल ते. बहुतेक वेळा तो बासवाल्यासाठी काहीच आणत नाही. लाईन सरळ मिक्सरला देतो आणि समोर एक मॉनिटर टाकतो, ज्यात गायकाचा आवाज आणि कीबोर्ड एवढंच ऐकू येतं. मग आपण काय वाजवतोय ते अंदाजाने वाजवायचं, बोटं जास्त जोरात मारायची, दोन तासांत मनगट भरून येतं आणि सूर पण इकडेतिकडे होतात. फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पट्ट्या नसलेली बास वाजवणाऱ्यांचं तर विचारूच नका.

म्हणून स्वतःचा ॲम्प पाहिजे, आणि स्वतःचा ॲम्प पाहिजे म्हणून तो उचलता आला पाहिजे. मी दांडिया बाजारात जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, जिना असा की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. रम्बल मी एका हातात धरून उतरतो, दुसऱ्या खांद्यावर गिटार, खाली रिक्षा, मागच्या सीटवर तो बसतो आणि त्याच्या बाजूला मी. ॲक्टिव्हावर नेता येईल का असं बरेच जण विचारतात, तर पुढे पायाशी नीट मावत नाही आणि मागे बांधून नेऊ नका, रिक्षाचं भाडं स्पीकरपेक्षा स्वस्त आहे.

जुन्या काळी काय होतं ते बघा. बासच्या मोठ्या स्टेजचा बादशहा म्हणजे अँपेगचा एसव्हीटी, १९६९ साली आला, ३०० वॅट, सगळा ट्यूबवर, म्हणजे जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर. नुसतं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प, ३५ किलोच्या वर आणि त्याच्याखाली आठ दहा-इंची स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट, मिळून १०० किलोच्या घरात. आवाज काय सुंदर, त्याबद्दल वादच नाही, पण ते उचलायला रोडी लागतात आणि टेम्पो लागतो. रम्बलमध्ये कागदावर त्याच्याहून जास्त वॅट आहेत आणि मी एकटा उचलतो. आता ट्यूबचे ३०० वॅट कानाला मोठे लागतात हे खरंय, कारण ट्यूब मर्यादेबाहेर गेली तरी आवाज हळूहळू जाडसर होत जातो, एकदम फाटत नाही, त्यामुळे नुसते आकडे समोरासमोर ठेवून निकाल लावू नये.

हे वजन कमी झालं कसं, तर क्लास डी. बऱ्याच लोकांना वाटतं डी म्हणजे डिजिटल, तसं नाहीये, ए, बी, एबी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी एवढंच. जुन्या एबी प्रकारच्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून काम करतात, त्यामुळे वीज बरीचशी उष्णता होऊन वाया जाते आणि त्या उष्णतेसाठी ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक लागतो. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, सेकंदाला लाखो वेळा, आणि चालू-बंदच्या रुंदीतून सिग्नल तयार होतो, मग फिल्टरने तो गुळगुळीत केला की स्पीकरला जातो. उष्णता फार कमी, हीटसिंक छोटा. हलक्या ॲम्पमध्ये पॉवर सप्लाय पण आता बहुधा स्विचिंगवाला असतो, म्हणजे लोखंडाचा तो जड ट्रान्सफॉर्मर पण गेला. पूर्वीचं वजन मुख्यतः तिथेच होतं.

आता ५०० वॅटबद्दल. दुकानात आणि मित्रांमध्ये यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉम्बो एकटा वापरला तर तो ३५० वॅट देतो, कारण आतले स्पीकर मिळून ८ ओहमचे आहेत. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते, ओहम कमी तर ॲम्पमधून वीज जास्त. बाहेरून आणखी एक ८ ओहमचं कॅबिनेट जोडलं की एकूण ४ ओहम होतं आणि तेव्हा पूर्ण ५०० मिळतात. त्याच्या खाली जायचं नाही. म्हणजे बाहेर ४ ओहमचं कॅबिनेट लावायचं नाही, दोन दोन कॅबिनेट तर अजिबात नाही. आणि जोडायला स्पीकर केबलच वापरा, गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आत बारीक तार असते, एवढा करंट तिला झेपत नाही.

मग १५० वॅट कमी मिळतात म्हणून फसवणूक झाली का, तर नाही, आणि हिशोब सोपा आहे. पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ३५० वरून ५०० म्हणजे दीड डेसिबल, गाणं चालू असताना कोणाच्या लक्षात पण येणार नाही. दुसरं कॅबिनेट लावल्यावर जो फरक जाणवतो तो जास्त करून दोनाचे चार स्पीकर झाल्यामुळे, हवा जास्त हलते म्हणून.

तरी मोठे वॅट पाहिजेतच, आणि ते जोरात वाजवायला नाही, स्वच्छ वाजवायला. बासच्या जाड ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, पाच तारांची गिटार असेल तर खालचा बी ३१ च्या जवळ, आणि एवढे खालचे सूर ऐकू यायला कानाला वरच्या सुरांपेक्षा खूप जास्त ताकद लागते. त्यात बोटाचा पहिला ठोका हा मागून रेंगाळणाऱ्या सुराच्या कितीतरी वर असतो. समजा सरासरी २० वॅटवर आरामात वाजवताय आणि ठोका १० डेसिबल वर गेला तर त्या क्षणाला २०० वॅट लागतात. ॲम्प १०० चा असेल तर तो ठोका तिथेच चेपला जातो, बास भुसभुशीत वाटायला लागतो, आणि आपण मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, अजून वाढवतो मग अजूनच चेपला जातो. म्हणून कॅफेत ५०० वॅट कशाला असं म्हणणाऱ्याला माझं उत्तर एकच, मास्टर तळाशी असला तरी ठोका अख्खा ऐकू येतो.

गरब्याचं सांगतो, कारण बडोद्याच्या बासवाल्याची खरी परीक्षा तिथे. इकडचा गरबा म्हणजे मध्ये गायक-वादक आणि भोवती रिंगणात हजारो माणसं, लाईव्ह वाजणारं, सुरुवातीला संथ आणि रात्र चढेल तशी लय चढत जाणारी. मैदानाला आवाज पुरवायचं काम पीएच्या, म्हणजे लोकांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांचं, तिथे कुठलाही बास ॲम्प काही कामाचा नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. ॲम्पच्या मागे मिक्सरला जोडायची एक्सएलआर लाईन आउट आहे, ती साऊंडवाल्याला द्यायची आणि ॲम्प फक्त आपल्यासाठी आणि ढोल, ऑक्टोपॅडवाल्यांसाठी. पण तो ‘फक्त’ फार मोठा आहे. हींच हा गरब्याचा ताल वाजत असताना ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात दोघंही खाली गर्दी करतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत बास बसवायचा असेल तर आपला सूर आपल्याला पाठीमागून, अंगावर ऐकू यायला पाहिजे. रम्बल मागे असला की मी हळू बोटांनी वाजवतो, ढोलवाला माझ्याकडे बघून मान हलवतो, आणि तासन् तास वाजवून हात तसाच ताजा. साऊंडचे काका सुरुवातीला येऊन ‘भाई, बास थोडो ओछो करो ने’ म्हणतात, स्टेजवरचा कमी केला की त्यांना समोर मोकळीक मिळते, ते म्हणतात तेव्हा ऐका, त्यांचं बरोबर असतं.

स्टेजबद्दल एक गोष्ट. मांडवाचं स्टेज म्हणजे आतून पोकळ लाकडी फळ्या, त्याच्यावर ॲम्प ठेवला की अख्खं स्टेज ढोलासारखं घुमतं आणि सगळे म्हणतात बास जास्त झाला. बास जास्त नसतो, फळ्या जास्त वाजत असतात. दुधाचा प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवा आणि त्याच्यावर ॲम्प. घुमणं एकदम कमी होतं, शिवाय स्पीकर पोटऱ्यांऐवजी कानाच्या दिशेने जरा वर येतात, आवाज न वाढवता स्पष्ट ऐकू येतं.

आवाजाचा पोत मला मनापासून आवडतो. उबदार, जुन्या वळणाचा, मधले सूर भरलेले. गेनच्या बाजूला ब्राइट, कॉन्टूर आणि व्हिंटेज अशी तीन बटणं आहेत. व्हिंटेज मी बहुतेक चालूच ठेवतो. कॉन्टूर घरी एकट्याने वाजवताना फार भारी वाटतो, खाली गडगडाट वर चकाकी, पण तो मधले सूर काढून घेतो, आणि बँडमध्ये बास ऐकू येतो तो मधल्या सुरांमुळेच, म्हणून गिगला बंद. ईक्यू, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचे नॉब, चार पट्ट्यांचा आहे, त्यातला लो-मिड हा माझा सगळ्यात लाडका नॉब, हॉलमध्ये ऐकू येत नसेल तर बास नॉबला हात न लावता हा थोडा वर करून बघा. ओव्हरड्राइव्ह पण दिलाय आणि पायाचा स्विच सोबत येतो, कॉलेज फेस्टमध्ये रॉक वाजवणाऱ्या पोरांना मजा येईल, मी मात्र क्वचित वापरतो. हॉर्न, म्हणजे वरच्या तीक्ष्ण सुरांचा छोटा स्पीकर, बंद करता येतो, भावगीतांच्या कार्यक्रमाला तो बंदच करा, तबला आणि पेटीसोबत बोटांची खरखर नको वाटते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत आजी-आजोबा बसलेले असतात, तिथे हा इतक्या हळू आवाजात इतका गोल वाजतो की पूर्वी बास गिटारला नाक मुरडणारे गायक आता स्वतः म्हणतात तो ॲम्प घेऊन या.

हेडफोन आणि ऑक्स पण आहेत, मोबाईलवर गाणं लावून रात्री सराव करता येतो, शेजारी शांत.

पाच तारांवर खालचा बी उघड्या मैदानात अंगावर यायला पाहिजे असेल तर दोन दहा-इंचीच्या छोट्या पेटीकडून, मग ती कुठल्याही कंपनीची असो, फार अपेक्षा ठेवू नये, तिथे दुसरं कॅबिनेट जोडा किंवा पीएवर सोडा. कमी पैशात रम्बल २०० मिळतो, एका पंधरा इंची स्पीकरचा, पण वजनात जेमतेम किलोभराचा फरक, म्हणून माझं मत आहे की थोडं थांबा, पैसे साठवा, ५०० च घ्या. पाठीचा त्रास असेल किंवा फक्त कॅफे आणि घर एवढंच असेल तर रम्बल १००, तो दहा किलोचाच आहे.

विजेबद्दल कळकळीने सांगतो. मांडवात जनरेटर असतो, अर्थिंग कशी असेल सांगता येत नाही, कुठेतरी गुणगुण येतेच. ती घालवायला काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात किंवा टेप लावतात, हे कधीही करू नका. एका हातात गिटारच्या तारा आणि तोंड माईकला लागलं की तुमच्या अंगातून करंट जाऊ शकतो, यात माणसं मेलेली आहेत. ॲम्पच्या मागे ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते फक्त लाईन आउटच्या केबलचा ग्राउंड सोडवतं, भिंतीच्या अर्थिंगला हात लावत नाही, बऱ्याच वेळा तेवढ्याने गुणगुण जाते. नाही गेली तर मिक्सरला जिथून वीज दिलीय त्याच बोर्डावरून ॲम्पला वीज मागा. मी स्वतःचा लांब एक्स्टेंशन बोर्ड नेतो तो याच्यासाठीच.

आणि बडोद्यात प्रत्येक घरात कोणीतरी अमेरिकेत असतंच, मावसभाऊ येताना घेऊन येईल, तिकडे स्वस्त पडेल असा विचार येतो. तिकडचा पीस ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०, लावला की जळेल, आणि वॉरंटी पण इथे चालणार नाही. मागची पट्टी वाचा, २३० लिहिलेलं असेल तरच घ्या. दुकानात बघायला जाताना स्वतःची गिटार घेऊन जा, भिंतीला चिकटवलेला ॲम्प थोडा पुढे ओढायला सांगा कारण भिंतीमुळे बास खोटा वाढतो, ईक्यूचे सगळे नॉब मध्यावर ठेवा, कॉन्टूर बंद, आणि गिगला ज्या आवाजात वाजवता त्याच आवाजात वाजवून बघा. दुकानदार कमी करा म्हणाला तर त्याला आधीच सांगून ठेवा की दुपारी, गिऱ्हाईक नसताना येतो.