खुनाचा गाजलेला खटला आणि हातातलं ज्युरीचं समन्स: कोणत्या वेळापत्रकाला ‘हो’ म्हणता येईल?

परदेशातल्या मराठी घरात ज्युरीचं समन्स आलं की पहिला फोन जातो तो आधी ज्युरीवर जाऊन आलेल्या एखाद्या मित्राला. ‘काही नाही रे, एक दिवस बसवून ठेवतात आणि घरी पाठवतात,’ असं तो सांगतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सगळ्या वाहिन्यांवर चाललेल्या खुनाच्या खटल्यासाठी ज्युरी निवडायची असेल, तर हा अनुभव उपयोगी पडत नाही. न्यायाधीश त्याच दिवशी विचारतात, ‘पुढचे सहा आठवडे देता येतील का?’ मग दहा मिनिटांत फॉर्म भरावा लागतो.

आधी पात्रतेचं पाहू. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ज्युरीवर फक्त नागरिक बसतात. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असाल तर ‘नागरिक नाही’ अशी खूण करून फॉर्म परत पाठवायचा, कचऱ्यात टाकायचा नाही. इंग्लंडमध्ये मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाही बोलावणं येऊ शकतं. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून मतदारयादीत नाव असेल, वय १८ ते ७५ असेल आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान ५ वर्षं यूकेत राहिला असाल, तर तुम्ही पात्र आहात. अनेकांना हे समन्स हातात पडल्यावरच कळतं. भारतात ज्युरी राहिली नाही. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा कौल दिला, तेवढीच ज्युरी आपल्याकडे लोकांच्या लक्षात आहे. त्यामुळे घरच्या कुणालाच याचा अनुभव नसतो.

खटला किती आठवडे चालेल हे सगळेच विचारतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. आठवड्यातून किती दिवस, दिवसाला किती तास, रात्री घरी जाता येणार की नाही आणि सांगितलेल्या शेवटच्या तारखेवर किती भरवसा ठेवायचा, या चार गोष्टी बघा. पुढचे सहा खटले त्याच नजरेने शेजारी शेजारी ठेवले आहेत.

| खटला आणि ठिकाण | सुरुवातीची भाषणं ते निकाल | ज्युरी रात्री कुठे | निकालावरची चर्चा |
|---|---|---|---|
| ओ. जे. सिम्प्सन, लॉस एंजलिस | २४ जानेवारी ते ३ ऑक्टोबर १९९५ | सर्व काळ हॉटेलात | ४ तासांहून कमी |
| केसी अँथनी, ओर्लँडो | २४ मे ते ५ जुलै २०११ | सर्व काळ हॉटेलात | सुमारे ११ तास |
| डेरेक शॉविन, मिनियापोलिस | २९ मार्च ते २० एप्रिल २०२१ | घरी, चर्चेच्या वेळी हॉटेलात | सुमारे १० तास |
| ॲलेक्स मर्डॉ, वॉल्टरबोरो | २५ जानेवारी ते २ मार्च २०२३ | घरी | सुमारे ३ तास |
| लूसी लेटबी, मँचेस्टर | ऑक्टोबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ | घरी | ११० तासांहून अधिक |
| एरिन पॅटरसन, मॉरवेल | ३० एप्रिल ते ७ जुलै २०२५ | घरी, चर्चेच्या वेळी हॉटेलात | सुमारे आठवडाभर |

सर्व काळ हॉटेलात

सिम्प्सन खटल्यातली ज्युरी २६५ दिवस हॉटेलात बंदोबस्तात होती. वर्तमानपत्रं कात्री लावून हातात यायची, फोन पहाऱ्यात करावा लागायचा, घरच्यांच्या भेटी ठरलेल्या वेळीच व्हायच्या. भत्ता होता दिवसाला ५ डॉलर. सुरुवातीला १२ ज्युरर आणि १२ राखीव असे २४ जण होते. त्यातले दहा जण काढले गेले किंवा सुटले आणि अखेरीस दोनच राखीव उरले. एप्रिलमध्ये न्यायाधीश लान्स इटो यांनी पहाऱ्यावरचे तीन डेप्युटी (शेरीफचे पोलीस) बदलले, तेव्हा उरलेल्या १८ पैकी १३ जणांनी कोर्टात यायला नकार दिला. शेवटी आले ते काळे कपडे घालून. याचा अर्थ सरळ आहे. इतक्या महिन्यांच्या बंदोबस्तात पहाऱ्यावरची माणसं हाच ज्युरीचा शेजार होतो, आणि तो बदलला तरी खटला अडतो.

केसी अँथनी खटल्यात ओर्लँडोचे न्यायाधीश बेल्विन पेरी यांनी त्याच पद्धतीला वेगळं वेळापत्रक जोडलं. स्थानिक लोकांनी बातम्या फार पाहिल्या होत्या, म्हणून ज्युरी पिनेलस काउंटीतून निवडून ओर्लँडोला आणली. माणसं घरापासून दूर आहेत, तर दिवस वाया घालवायचे नाहीत, म्हणून शनिवारीही कामकाज ठेवलं. सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. निकालावरची चर्चा सुरू झाली ती ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. सुट्टीच्या दिवशीही कोर्ट थांबलं नाही, कारण थांबलं असतं तर ज्युरीला आणखी एक दिवस हॉटेलात काढावा लागला असता.

ज्युरीला कोंडायचंच असेल तर पेरींची रीत बरी. ज्यांचा मालक पूर्ण पगार देतो आणि ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस नाही, त्यांना ती झेपते. इतरांना हॉटेलातले सहा आठवडे घरच्या बारा आठवड्यांपेक्षा जड जातात.

रोज घरी, पण तारखेचा भरवसा नाही

साउथ कॅरोलायनातल्या छोट्या वॉल्टरबोरोत मर्डॉ खटल्यासाठी तीन आठवडे धरले होते, लागले सहा. हे का झालं ते पाहा, कारण तुमच्या खटल्यातही हेच होण्याची शक्यता जास्त आहे. न्यायाधीश क्लिफ्टन न्यूमन यांनी आरोपीच्या आर्थिक गुन्ह्यांचा पुरावा आत घेऊ दिला, त्यामुळे साक्षीदारांची रांग वाढली. बॉम्बची धमकी आली आणि इमारत रिकामी करावी लागली. फेब्रुवारीच्या मध्यात दोन ज्युरर कोविडने बाहेर पडले. आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला, त्यात दोन दिवस गेले. शेवटी ज्युरीला घटनास्थळ दाखवायला नेलं. निकालाच्या दिवशी सकाळी खटल्याबद्दल बाहेर बोलल्यावरून आणखी एका ज्युररला घरी पाठवलं. सहा राखीव निवडले होते म्हणून खटला तरला.

तीन आठवड्यांची तयारी करून आलेल्या माणसाला चौथा आठवडा सगळ्यात महाग पडतो. मुलांना सांभाळणारी मावशी परत गेलेली असते, ऑफिसात आपलं काम करणारा सहकारी रजेवर गेलेला असतो. म्हणून न्यायालयाने दिलेल्या अंदाजात निम्मी भर घालून ठरवा. आरोपी एकापेक्षा जास्त असतील किंवा डॉक्टर आणि फॉरेन्सिक तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी असतील, तर अंदाज दुप्पट धरा.

मँचेस्टरचा लेटबी खटला सहा महिन्यांचा सांगितला होता, चालला दहा. इंग्लंडमध्ये साक्षीपुरावा पूर्ण होईपर्यंत सोबत बसणारे राखीव ज्युरर नसतात. गळती झाली तर किमान नऊ जणांवर खटला पुढे नेता येतो. म्हणून तिथे एखादा ज्युरर आजारी पडला की त्याला काढण्याऐवजी न्यायाधीश बहुधा त्या दिवसाचं कामकाजच थांबवतात. यात माणुसकी आहे, पण खटला लांबतो.

साक्षीपुराव्यापर्यंत घरी, चर्चेला हॉटेलात

आमची पसंती या पद्धतीला आहे, पण तिच्यातली भोकंही ठाऊक असू द्या. मिनियापोलिसमध्ये शॉविन खटला सुरू असतानाच, ११ एप्रिल २०२१ ला, ब्रुकलिन सेंटर या उपनगरात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मारला गेला आणि रस्त्यावर निदर्शनं सुरू झाली. ज्युरीला लगेच हॉटेलात हलवा, अशी मागणी बचाव पक्षाने केली. न्यायाधीश पीटर केहिल यांनी ती नाकारली. बातम्या टाळण्याचं ओझं ज्युरीवर राहिलं, आणि ते ओझं रोज संध्याकाळी घरी नेणं सोपं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या मॉरवेलचं उदाहरण ताजं आहे. व्हिक्टोरिया राज्यात लांबणाऱ्या खटल्यासाठी १५ जणांपर्यंत ज्युरी घेता येते. पॅटरसन खटल्यात एक जण मध्येच वगळला गेला, उरलेल्या १४ मधून चर्चेसाठी १२ जण चिठ्ठ्या टाकून ठरले. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. आपण राखीव आहोत हे कुणालाच शेवटपर्यंत माहीत नसतं, त्यामुळे सगळे सारख्याच लक्षाने ऐकतात. साधारण सहा आठवड्यांचा अंदाज तिथेही चुकला, खटला दहा आठवड्यांवर गेला. चर्चेच्या काळात ज्युरीला हॉटेलात ठेवलं, आणि त्याच हॉटेलात सरकारी पक्षाचीही माणसं उतरली होती, हा मुद्दा पुढे अपिलात आला. गाव लहान, हॉटेलं मोजकी. खटला कुठे चालवायचा हे ठरवताना झोपण्याच्या खोल्याही मोजायला हव्यात.

जागेचा आणि ऋतूचा हिशेब आयडाहोतही झाला. १३ नोव्हेंबर २०२२ ला चार विद्यार्थ्यांचे खून झाले, खटला आधी मॉस्को या विद्यापीठाच्या गावी चालणार होता. कोर्टाजवळ हायस्कूल, म्हणून शाळेच्या सुट्टीत, उन्हाळ्यात तारीख असावी अशी चर्चा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये खटला बॉइसीला हलवला आणि ऑगस्ट २०२५ ची तारीख पडली. जुलैमध्ये आरोपीने गुन्हा कबूल केला, ज्युरी बसलीच नाही. पण मृत्युदंडाची मागणी असलेल्या खटल्यात दोषी ठरवल्यावर शिक्षेवरची सुनावणी बहुधा त्याच ज्युरीपुढे होते, हे लक्षात ठेवा. ‘आठ आठवडे’ म्हणजे शिक्षेच्या टप्प्यासह की त्याशिवाय, हे विचारायलाच हवं.

दिवसाचा आकार

अर्ध्या दिवसाचं वेळापत्रक लोकांना उगाच आवडतं. इंग्लंडमध्ये त्याला ‘मॅक्सवेल अवर्स’ म्हणतात. हे नाव नव्वदच्या दशकातल्या मॅक्सवेल बंधूंच्या खटल्यावरून पडलं. सकाळी साडेनऊच्या सुमारास बसायचं, दीडच्या सुमारास उठायचं, मध्ये जेवणाची सुट्टी नाही. हिशेब असा मांडा: पूर्ण दिवसात साधारण ५ तास प्रत्यक्ष साक्ष होते, अर्ध्या दिवसात साडेतीन. ३० पूर्ण दिवसांचं काम म्हणजे १५० तास, त्याला ४३ अर्धे दिवस लागतात. आठवड्याला पाच दिवस धरले तर सहा आठवड्यांचे साडेआठ होतात. चार दिवसांच्या आठवड्यात तेच काम साडेसात आठवडे घेतं आणि एक पूर्ण मोकळा दिवस हाती येतो. दुकान किंवा स्वतःचा व्यवसाय असेल तर चार पूर्ण दिवस जास्त सोयीचे. शाळेतून मुलं आणायची असतील, दुपारनंतर लॅपटॉपवर काम करता येत असेल, तर अर्धे दिवस.

पैशाचा हिशेब

सहा आठवडे, म्हणजे ३० दिवस धरू.

कॅलिफोर्नियात राज्याच्या न्यायालयात दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर, म्हणजे एकूण ४३५. फ्लोरिडात मालक पगार देत नसेल तर पहिले तीन दिवस १५ आणि पुढे ३०, एकूण ८५५. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिले तीन दिवस मालक पगार देतो, नंतर राज्य रोज ५० देतं, म्हणजे २७ दिवसांचे १,३५०. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात रोज ५० डॉलर, दहा दिवसांनंतर ६० पर्यंत. व्हिक्टोरियात मालकाला पगार आणि ज्युरीचा भत्ता यांतल्या फरकाची रक्कम भरून द्यावी लागते, तिथे नोकरदाराला फारशी झळ बसत नाही.

इंग्लंडमध्ये पगार बुडाल्याची भरपाई मिळते, पण मर्यादेत: पहिले दहा दिवस रोज ६४.९५ पौंडांपर्यंत, नंतर २०० व्या दिवसापर्यंत १२९.९१. तुमचा रोजचा बुडणारा पगार १५० पौंड असेल, तर पहिल्या दहा दिवसांत ८५० पौंड खिशातून जातात, पुढच्या वीस दिवसांत सुमारे ४००. म्हणजे खड्डा सुरुवातीलाच मोठा पडतो. मालकाकडून बुडीत पगाराचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसाआधी भरून घ्या, नाहीतर भरपाई अडून राहते.

फॉर्मवर काय लिहायचं

‘घरी अडचण आहे’ एवढं लिहिलं तर न्यायाधीश सोडत नाहीत. ‘आईवडील भारतातून आले आहेत’ यानेही काही होत नाही. ‘वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, नेणारी मी एकटीच, केंद्राचं पत्र सोबत’ हे चालतं. पुण्याचं तिकीट आधीच काढलं असेल तर त्याची प्रत जोडा. तारखा खटल्याच्या मध्यावर येत असतील तर ते स्पष्ट दाखवा. समन्स आल्यावर काढलेलं तिकीट मात्र उलट अंगावर येतं. मालक किती दिवसांपर्यंत पगार देतो हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या. बऱ्याच कंपन्यांचं धोरण दोन आठवड्यांवर थांबतं आणि ते कर्मचाऱ्याला तिसऱ्या आठवड्यात कळतं.

पूर्ण सूट आणि पुढची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये एकदाच, बारा महिन्यांच्या आत, पुढे ढकलता येतं. तारीख पुढे गेली की बहुधा हा गाजलेला खटला तुमच्या वाट्याला येत नाही, साधा येतो. ज्यांना सेवा करायची आहे पण दहा आठवडे देता येत नाहीत, त्यांनी सूट मागण्यापेक्षा हे करावं.

बातम्यांबद्दल विचारलं तर खरं सांगा. खटल्याची बातमी ऐकलेली असणं ही अपात्रता नाही. ऐकूनही मत बाजूला ठेवता येईल का, हा प्रश्न असतो.

आणि ज्युरीत बसल्यावर मध्येच काही उद्भवलं, घरी कुणी पडलं, नोकरीवरून धमकावणी आली, तर शेजारच्या ज्युररला सांगू नका, कारकुनाशी गप्पांमध्ये बोलू नका. कागदावर दोन ओळी लिहा, ज्युररचा क्रमांक घाला, घडी करून बेलिफकडे किंवा अशरकडे (ज्युरीची व्यवस्था पाहणारा कोर्टाचा कर्मचारी) न्यायाधीशांसाठी द्या. राखीव ज्युरर शिल्लक असतानाच हे केलं, तर तुम्हाला सोडणं न्यायाधीशांना सोपं जातं.