विरोधाच्या सह्या संमतीच्या फाइलमध्ये

एका आलिशान बंगल्यांच्या प्रकल्पाला हरकत म्हणून आमच्या गावाने केलेल्या २१४ सह्या त्याच प्रकल्पाच्या फाइलमध्ये संमती म्हणून लागलेल्या मी पाहिल्या. त्या कागदांवरच्या रेघा मी स्वतः आखल्या होत्या, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच आहे असे मी समजतो.

आमचे गाव नागपूरपासून मोटारसायकलने पाऊण तासावर, हिंगणा तालुक्यात आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर आमच्याकडेही जमीन विचारणाऱ्यांच्या गाड्या दिसू लागल्या. काही शेतकऱ्यांनी आपली जमीन रीतसर विकली. त्यांच्या विक्रीला गावाचा आक्षेप नव्हता आणि आजही नाही. आक्षेप दोन गोष्टींना होता. क्लब हाऊस आणि जलतरण तलाव असलेल्या त्या वसाहतीचा रस्ता आमच्या पांदणीवरून, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गावच्या वाटेवरून, जाणार होता, आणि पांदणीच्या तोंडाशी फाटक व पहारेकरी आला की संत्र्याची बंडी बाहेर काढायला कोणाची परवानगी मागायची, हा साधा प्रश्न होता. शिवाय पांदणीपलीकडचा, सातबारावर झुडपी जंगल अशी नोंद असलेला तुकडा, जिथे गावची गुरे चरतात, तो कंपनीच्या माहितीपत्रकात बगीचा म्हणून हिरवा रंगवलेला होता.

दिवाळी २०२४ नंतर एक गृहस्थ गावात येऊ लागले. ते स्वतःला सामाजिक कार्यकर्ते म्हणवत आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांची नावे घरच्यासारखी घेत. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. दोन माणसे माझे ऐकतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरले असावे. विषय ग्रामसभेत नेऊन विरोधाचा ठराव घेऊ, असे आमच्यातल्या काही तरुणांचे म्हणणे होते. त्यावर हे गृहस्थ म्हणाले की ग्रामसभेत फूट पडेल, त्यापेक्षा सह्यांचे निवेदन जोरकस ठरते. मला ते पटले. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात आणि आमच्याकडे तेवढी सहज जमली असती. ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत चढला असता आणि त्या वहीचे पान कोणाला पिशवीत घालून नेता आले नसते. त्यांनी आम्हांला ग्रामसभेपासून लांब का ठेवले, हे समजायला मला चार महिने लागले.

संक्रांतीच्या आठवड्यात सह्या झाल्या. पहिल्या पानावर टंकलिखित निवेदन होते आणि त्याला जोडलेल्या दहा पानांवर फक्त अनुक्रमांक, नाव आणि सही किंवा अंगठा असे तीन रकाने होते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर विषय लिहू का, असे मी विचारले होते. ‘विषय पहिल्या पानावर आहेच, गुरुजी,’ हे त्यांचे उत्तर मला पुरेसे वाटले. म्हातारी माणसे तर ‘तुमी म्हणसान तिथं अंगठा लावतो’ म्हणत माझ्या ओसरीवर रांगेत बसली. वकिलाच्या खर्चासाठी ११८ घरांतून प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ३५,४०० रुपये जमले, त्यात मी पेन्शनमधले २०,००० घातले आणि सगळी रक्कम रोख दिली. पावती प्रकरण दाखल झाल्यावर मिळणार होती. निवेदन दिल्याचा पुरावा म्हणून मोबाइलवर एका शिक्क्याचा फोटो आला. त्यावरचा आवक क्रमांक वाचता येत नव्हता आणि तो विचारण्याची बुद्धी आम्हांला झाली नाही.

मार्चपासून त्यांचा फोन लागेना. एप्रिलमध्ये १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात प्रकल्पाच्या फाइलची प्रत मागितली आणि ती मुदतीच्या ३० दिवसांत मिळाली. त्यात आमची दहाही पाने होती. अनुक्रमांक ९३ मी चुकून दोनदा लिहिला होता आणि दुसरा खोडून शेजारी माझी आद्याक्षरे केली होती; ती खाडाखोड तशीच समोर होती. पहिले पान मात्र बदललेले होते: ‘आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ असे लिहून देतो की, पांदण रस्त्याच्या रुंदीकरणास आमची कोणतीही हरकत नाही.’

पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि ती पाने आमची संमती नसल्याचे प्रतिज्ञापत्र महसूल कार्यालयात दाखल केले आहे. झुडपी जंगलाच्या तुकड्याला आधार मिळाला तो आमच्या धडपडीने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीन मानाव्यात असा निर्णय दिला. पांदणीला असा आयता आधार नाही. ज्या गावांत अशी कुरबुर सुरू असेल त्यांनी सह्यांच्या आधी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या महसुली दप्तरातल्या नोंदींच्या नकला काढाव्यात, कारण चराई, सरपण, वाट, पाणी यांच्या जुन्या वहिवाटी नागपूरकडच्या गावांत तिथेच नोंदलेल्या सापडतात. निवेदन कोणाच्या हाती पाठवू नये. आपण जाऊन द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. सह्यांच्या प्रत्येक पानावर विषय आणि तारीख असावी, आणि ‘पान १० पैकी ४’ असा क्रमांकही असावा.

पावसाळ्यात आम्ही नवे निवेदन तयार केले, तेव्हा १७१ सह्या झाल्या. उरलेल्या ४३ जणांचा विरोध कमी झालेला नाही, पण आता कोणत्याच कागदावर सही करायची नाही असे त्यांनी ठरवले आहे आणि त्यांना आग्रह करण्याचा अधिकार मला उरलेला नाही. वर्गणी परत देतो म्हणून मी घरोघरी गेलो. नऊ घरांनी ती घेतली. पांदणीच्या हरकतीवर सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.