एजन्सीच्या रोलवर जायचं की कंपनीचं फिक्स्ड टर्म घ्यायचं? दोन्ही करून बघितलेल्याचं मत

चाकणला एका कंपनीत सव्वादोन वर्षं एजन्सीच्या रोलवर काढली, म्हणजे काम कंपनीत पण कागदावर माणूस ठेकेदाराचा, आणि आता दुसऱ्या कंपनीत थेट फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर, दुसरं वर्ष चालू आहे. काम दोन्हीकडे जवळपास तेच, लाइनवर क्वालिटी चेकिंग. त्यामुळे कुणी विचारलं की दोन्ही ऑफर आल्यात, कुठली घेऊ, तर थोडंफार सांगू शकतो. पीएफ काय, ईएसआय काय हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही.

आधी एजन्सीची बाजू, कारण तिला उगाच शिव्या देण्यात अर्थ नाही. आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो दिले की परवापासून गेटपास. इंटरव्ह्यू म्हणजे कोऑर्डिनेटरने विचारलेलं एकच, नाइट शिफ्ट चालेल ना. घरी पैशाची निकड असेल, किंवा कसल्या तरी निकालाची वाट बघताय आणि मधले चार महिने काढायचेत, तर यापेक्षा सोपं काही नाही. सोडतानाही तसंच, एक फोन केला की विषय संपला. माझ्या फिक्स्ड टर्मच्या वेळी लेखी परीक्षा, दोन इंटरव्ह्यू, मेडिकल असं करत सव्वा महिना गेला आणि तेवढे दिवस मी बिनपगारी घरी.

हातात पडणाऱ्या पैशातही फार फरक नाही हे मान्य करतो. एजन्सीत शेवटी शेवटी १४,०००च्या आसपास यायचे, इथे सुरुवातीला त्यापेक्षा ७००-८०० जास्त. नुसतं इन हँड बघणाऱ्याला वाटतं एवढ्यासाठी सव्वा महिना कोण थांबणार. पण स्लिप शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्या एजन्सीच्या स्लिपवर बोनसचा कॉलम होता, म्हणजे दिवाळीला जो ८.३३ टक्के मिळायचा तो आधीच महिन्यामहिन्याला तुकडे करून पगारात घातलेला, त्यामुळे पगार फुगलेला दिसायचा आणि दिवाळीला हात हलवत घरी. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कायद्याने डबल आहे, आम्हाला सिंगलने मिळायचा आणि स्लिपवर तो ‘इन्सेंटिव्ह’ नावाने यायचा, म्हणजे डबलचा प्रश्नच नको. सगळ्याच एजन्सी असं करतात असं म्हणत नाही, चांगल्या असतीलही, मला भेटली ती अशी होती.

समान कामाला समान पगार म्हणाल तर तो कागदावर दोन्हीकडे होता. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्राच्या नियमांतही होतं की ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या कामगारासारखंच काम करत असेल तर पगार आणि सोयी तशाच द्यायच्या. पण माझ्या पत्रावर पद होतं ‘हेल्पर’. गेज हातात घेऊन पार्ट मी चेक करायचो, रिजेक्शनचा शिक्का मी मारायचो, ऑडिटला उत्तरं मी द्यायचो, आणि कागदावर हेल्पर. काम वेगळंच दाखवलं तर समान म्हणायचं कशाला. फिक्स्ड टर्मच्या कायद्यातल्या व्याख्येतच लिहिलेलं आहे की कामाचे तास, पगार, भत्ते हे तेच किंवा तसंच काम करणाऱ्या पर्मनंटपेक्षा कमी नकोत, आणि पद कंपनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देते, त्यामुळे तिला खोटं लिहायला जरा जड जातं. अगदीच अशक्य नाही, पण जड जातं.

ब्रेकचं प्रकरण तर सगळ्यांना माहीतच आहे. सहा-सात महिने झाले की आठवडाभर घरी बसवायचं आणि परत नवीन जॉइनिंग. आम्ही गावाकडे जाऊन यायचो, मजा वाटायची. नंतर कळलं की भरपगारी रजेला केंद्राच्या मूळ फॅक्टरी ॲक्टमध्ये वर्षाला २४० दिवस भरावे लागत होते आणि ब्रेकमुळे ते भरायचेच नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार लेबर कोड, म्हणजे नवीन कामगार कायदे, लागू झाले, त्यात ही अट १८० दिवसांवर आली आहे आणि वीस दिवसांमागे एक रजा. आता ब्रेकवाले काय नवीन शोधतात ते बघायचं.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशामुळेही मी एजन्सी सोडली नाही, ती सोडली एका पगारामुळे.

दुसऱ्या वर्षी कंपनीने एजन्सी बदलली. म्हणजे माणसं तीच, मशीन तेच, सुपरवायझर तोच, फक्त शर्टाचा रंग बदलला आणि पाठीवरचं नाव बदललं. जुन्या एजन्सीकडचा शेवटच्या महिन्याचा पगार यायचा होता. सात तारीख गेली, दहा गेली. कोऑर्डिनेटरला फोन केला तर म्हणाला, कंपनीने बिल पास केलं नाही, तुमच्या एचआरला विचारा. एचआरला गाठलं तर मॅडम म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही आमच्या रोलवर नाही, एजन्सीशी बोला.’ परत फोन, तर आता तो कोऑर्डिनेटर दुसऱ्या साइटवर, नवीन माणसाचा नंबर घ्या. नवीन एजन्सीवाला म्हणतो ते आमच्या आधीचं, आमचा संबंध नाही. पंधरा तारखेला रूमचा मालक दारात. गंमत म्हणजे महिनाभर मी गेटवर जे पंचिंग केलं ते कंपनीच्याच मशीनवर, त्याच हजेरीवरून एजन्सीचं बिल बनतं, म्हणजे मी कामावर होतो हे सगळ्यांना माहीत होतं, भांडण मला द्यायच्या पैशाचं नव्हतंच, त्या दोघांच्या आपसातल्या कसल्या तरी कपातीचं होतं. पगार २३ तारखेला आला, दोन दिवसांची हजेरी कापून. ते दोन दिवस कुणी कापले याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं. ठेकेदाराने वेळेत पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मुख्य मालकाने, म्हणजे कंपनीने तो भरायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. जुन्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१मध्ये हे होतं, नवीन कोडमध्येही आहे. हक्क होताच हो. पण तो मागायला एचआरच्या दारात उभं राहायचं, आणि उद्याचा गेटपास त्याच दारातून निघतो. ‘यांना उद्यापासून पाठवू नका’ एवढा एक मेसेज कंपनीने एजन्सीला केला की झालं, काढलं असं कुठे लिहावंही लागत नाही.

म्हणून मला विचाराल तर दोन्हीतला खरा फरक पगार किती हा नाही, पगार अडला तर कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं हा आहे. इथेही एकदा नाइट अलाउन्स चुकला होता. पेरोलच्या माणसाकडे गेलो, त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली, हजेरी दाखवली, म्हणाला शिफ्ट कोड चुकीचा पडलाय, पुढच्या महिन्यात ॲरिअर्समध्ये येईल, आणि आला. फार प्रेमाने बोलला असंही नाही. पण ‘तुम्ही आमचे नाही’ हे वाक्य त्याच्याकडे नव्हतं.

आता फिक्स्ड टर्मची खोड. पत्रावर शेवटची तारीख छापलेली असते आणि ती डोक्यात बसते. त्या तारखेला घरी पाठवलं तर ती कायद्याच्या भाषेत कामगार कपात नाही, म्हणजे रिट्रेंचमेंटची भरपाई वगैरे काही नाही. माझं पहिलं टर्म संपायच्या आधीचे दोन महिने मी सुपरवायझरशी फार गोड बोललो, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. रिन्यू झालं, पुढचं माहीत नाही. त्यातल्या त्यात एक बरं की ग्रॅच्युइटीला जुनी पाच वर्षांची अट फिक्स्ड टर्मवाल्याला नाही, नवीन कोडप्रमाणे एक वर्ष भरलं की हिशोब लागतो. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,००० असेल तर महिन्याचे कामाचे दिवस म्हणून भागिले २६, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार म्हणून गुणिले १५, म्हणजे वर्षाचे ७,५००. माझं टर्म चालू आहे त्यामुळे हातात पडल्याचा अनुभव अजून नाही, तेवढं लक्षात घ्या. एजन्सीत सव्वादोन वर्षांत माझे दोन मालक झाले, पाच वर्षं कुणाकडे भरणार होती.

कुणी म्हणेल एजन्सीत चिकटून राहिलं तर पुढेमागे कंपनी पर्मनंट करते. करतेही कधी कधी, आमच्यातले दोघे झाले. पण तो हक्क समजू नका, स्टील अथॉरिटी या सरकारी कंपनीच्या केसमध्ये २००१ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कंपनीच्या रोलवर येत नाही. आणि फिक्स्ड टर्मवाल्यालाही तसा हक्क नाही, फक्त तुमचं नाव निदान त्यांच्या सिस्टिममध्ये असतं, जागा निघाली तर फाइल शोधावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. हल्ली एजन्सीही स्वतःच्या पत्रावर ‘फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट’ असं लिहून देतात, आणि पोरं खूश होऊन सही करतात. शब्दावर जाऊ नका, लेटरहेड कुणाचं, पीएफ कुणाच्या नंबरखाली भरला जाणार आणि सही कुणाची हे बघा. तिन्हीकडे एजन्सीचं नाव असेल तर ती एजन्सीच आहे, नाव काहीही असो. नेमणूकपत्र देणं आता सगळ्यांनाच सक्तीचं आहे, त्यामुळे ‘पत्र नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडे सरळ मागा.

तीन-चार महिन्यांपुरतं काम हवं असेल तर मी अजूनही एजन्सीच म्हणेन, त्यात कमीपणा नाही. वर्षभर राहायचा विचार असेल आणि सव्वा महिना कळ काढता येत असेल तर माझं झुकतं माप कुठे आहे ते कळलंच असेल.

आणि जे आधीच एजन्सीतून बाहेर पडलेत त्यांनी पीएफच्या पोर्टलवर जाऊन सोडल्याची तारीख पडलीय का ते आधी बघा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, पण एजन्सी बदलली की मेंबर आयडी, म्हणजे त्या मालकाकडचा खाते नंबर, बदलतो, आणि जुन्यावर तारीख नसेल तर पैसे ट्रान्सफर होत नाहीत. दहा वर्षांची नोकरी भरली की पेन्शन, त्या हिशोबातही जुनी नोकरी जोडलेली असलेली बरी. एजन्सीच्या पाया पडायची गरज नाही, शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने गेले की तारीख स्वतःच टाकता येते. फक्त ती शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली पाहिजे. मी पुढच्या महिन्याची एक तारीख टाकत बसलो होतो आणि सिस्टिम घेत नाही म्हणून दोन रविवार सायबर कॅफेवाल्याशी भांडलो.