कॉफीला तीन स्टार, टेबलाला पाच

कोथरूडला आमच्या गल्लीत जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, टॉवर झाला आणि खाली जिथे पिठाची गिरणी होती तिथे हा कॅफे आलाय. आठ महिने झाले, आठवड्यातून तीनचारदा जातोच, म्हणून लिहितोय.

कॅपुचिनो २२० रुपये. सकाळचा पोरगा असेल तर मस्त, संध्याकाळी मात्र कोमट. दूध ६०-६५ डिग्रीच्या फार पुढे तापवलं की बिघडतं हे मला माहितीये हो, पण ही त्याच्याही बरीच खालची असते, आणि सांगायला गेलं की 'सर ती अशीच असते'. क्रॉसाँ घेऊ नका, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून चिवट करून ठेवतात.

मग जातो कशाला? तर आत शिरल्यावर डावीकडे दहाबारा जणांचं एक लांब लाकडी टेबल आहे, त्याच्यासाठी. आधी कोणाला भेटायचं म्हणजे एफसी रोडला वैशाली नाहीतर डेक्कनला गुडलक, १९३५ पासूनचं, तिथल्या बनमस्क्याची सर इथल्या कशालाच नाही, पण त्यासाठी गाडी काढा, पार्किंग शोधा, त्यातच अर्धा तास जातो. इथे चप्पल अडकवून जाता येतं. सकाळी वॉकवाल्या आजोबांचा कट्टा असतो. पहिल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने अमेरिकानो मागवली आणि कपात बघून म्हणाले, हा काढा कोणाचा? दुसऱ्या दिवशी घरून जायफळ घेऊन आले. आता मशीनच्या शेजारी जायफळ आणि छोटी किसणी कायमची ठेवलेली असते, मेन्यूत नाहीये, मागावं लागतं.

अकरानंतर लॅपटॉपवाले येतात. अख्ख्या टेबलाला प्लग दोनच, त्यामुळे 'जरा चार्जर काढू का तुमचा' करत करतच ओळखी होतात. आमच्याच लिफ्टमधून सहा वर्षं वरखाली करणारा माणूस तबला वाजवतो हे मला इथे कळलं, लिफ्टमध्ये आम्ही नुसते आकडे बघत उभे असायचो.

गाणी फार मोठ्याने लावतात, त्याचा एक स्टार कापला. आणि दोन महिन्यांपूर्वी 'वीकेंडला ९० मिनिटंच बसा' अशी पाटी लावलीये, पुण्यात पाटीचं काय एवढं, पण आजोबा मंडळी आता बरोबर पंच्याऐंशीव्या मिनिटाला एक कॉफी मागवतात, सहा जणांत एक, वरून जायफळ.