अणुकचऱ्याच्या भूमिगत भांडारातल्या बांधकाम नोंदींसाठी आयएसओ ९७०६ कागद: घ्यावा, पण पारखून

बोगद्याच्या भिंतीवर शॉटक्रीटचा (फवारून मारलेल्या काँक्रीटचा) थर बसला की मागच्या खडकातली भेग कुठे होती, तिचा उतार किती, मिनिटाला किती लिटर पाणी पाझरत होतं, हे पुन्हा बघता येत नाही. उरते ती नोंद. ती शतकानुशतकं टिकवायची तर आमची पहिली पसंती आयएसओ ९७०६ या टिकाऊ कागदाच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसणाऱ्या कागदालाच. फ्रान्समधल्या मांश अणुकचरा केंद्राने (ते जमिनीवरचं आहे, १९९४ मध्ये तिथे कचरा घेणं थांबलं) आपल्या सविस्तर नोंदी टिकाऊ कागदावरच छापल्या. एक प्रत केंद्रात, दुसरी राष्ट्रीय अभिलेखागारात.

कागदाचा पीएच ७.५ ते १० असतो आणि त्यात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा असतो. आम्ल आलं की आधी हा साठा खर्ची पडतो, तंतू वाचतात. खरेदी करताना पीएच पेनवर (कागदावर रेघ ओढून आम्ल तपासायच्या पेनवर) विसंबू नका. रेघ जांभळी उमटली की कागद आम्लधर्मी नाही एवढंच कळतं, साठा किती ते कळत नाही. प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा दाखला मागाच.

खरी गडबड छपाईत होते. जाड कागद साध्या कागदाच्या सेटिंगवर छापला तर टोनर नीट वितळत नाही आणि अक्षरं पापुद्र्यासारखी सुटतात. छापलेल्या भागावर चिकटपट्टी लावून ओढा. काळं निघालं तर तापमान वाढवून पुन्हा छापा. भेगांचे प्रकार रंगांनी दाखवू नका, रंग उडतात. काळ्या रेघांच्या वेगवेगळ्या जाळ्या वापरा. मोठे नकाशे सपाट ठेवा, घडीवर ते तुटतात. स्टेपल नकोच, गंजतं.

प्रत्येक पानावर निर्देशक प्रणाली (जागा कुठल्या अक्षांवरून मोजली ते) आणि उंचीची संदर्भपातळी छापा. नाहीतर साखळी-अंतराचे (बोगद्याच्या लांबीवर मोजलेल्या अंतराचे) आकडे निरर्थक ठरतात. आत राहिलेलं सिमेंट, पोलाद, ग्राउट (भेगांत भरलेलं मिश्रण) यांचं वजनही बोगद्यानुसार नोंदवा. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच वाढतो आणि बेंटोनाइटवर (कचऱ्याभोवती भरायच्या फुगणाऱ्या मातीवर) परिणाम होतो, म्हणून ते वजन सुरक्षिततेच्या हिशेबात लागतं.

लेझर स्कॅनचे त्रिमितीय बिंदू मात्र या कागदावर मावत नाहीत. ठरावीक अंतरावरचे छेद तेवढे छापा. मूळ फाइल खुल्या स्वरूपात वेगळी जपा आणि साठवण माध्यम जुनं व्हायच्या आत ती नव्यावर उतरवत राहा.