केनोशातला बंदूक-परवान्याचा वर्ग: पाचापैकी तीन तारे

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, केनोशात फार्मसिस्ट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये इथे एका पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर सात गोळ्या झाडल्या आणि शहर पेटलं. आम्ही दुकानाच्या काचांवर प्लायवूड ठोकून घर गाठलं होतं. त्यानंतर रात्री पार्किंगमध्ये एकटीने जाताना माझ्या पोटात गोळा येतो, तो आजतागायत. म्हणून शेवटी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी लागणारा वर्ग केला. शनिवारची सकाळ, फी ९० डॉलर, आम्ही चौदा जण. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही.

नेमबाजीच्या रेंजवर शिकवणाऱ्या बाईंना पाचपैकी पाच. माझे हात थरथरत होते, तर त्यांनी रिकामं पिस्तूल देऊन वीस मिनिटं नुसतं धरायला शिकवलं. कुठेही घाई नाही, आवाज चढवणं नाही. कानांवरचे मफ त्यांचेच.

तारे गेले ते कायद्याच्या तासात. शिक्षकाने काईल रिटनहाउसचा खटला काढला आणि सांगितलं की कोर्टाने आपल्या बाजूने कौल दिलाय, गाव वाचवायला बंदूक घेऊन जाणं हा हक्क आहे. मला हे फार लागलं, कारण कोर्टाने असं काहीही म्हटलेलं नाही. २०२० च्या त्याच दंगलीत, २५ ऑगस्टच्या रात्री, १७ वर्षांच्या त्या मुलाने रायफलने दोघांना ठार मारलं, तिसऱ्याला जखमी केलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. ज्युरीसमोरचा मुख्य प्रश्न होता, गोळी झाडताना जिवाला धोका आहे असं त्याला वाटणं रास्त होतं का. आणि ते रास्त नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची होती. गाड्यांच्या दुकानाची राखण करायला रायफल घेऊन तिथे जायला हवं होतं का, याचा निवाडा ज्युरीने केलेलाच नाही.

मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "माझं दुकान जाळत असतील तर?" शिक्षकाने हसून विषय बदलला. उत्तर विस्कॉन्सिनच्या कायद्यात स्पष्ट आहे: केवळ मालमत्ता वाचवण्यासाठी जीवघेणं बळ वापरता येत नाही. त्या माणसाने हे न कळताच प्रमाणपत्र घरी नेलं!

आणखी एक गोष्ट तिथे सांगायलाच हवी होती. त्या रात्री जो तिसरा माणूस जखमी होऊन वाचला, त्याच्याही हातात पिस्तूल होतं आणि त्याच्या परवान्याची मुदत संपलेली होती. समोरचा पोरगा लोकांना मारत सुटलाय असं वाटलं म्हणून तो त्याच्याकडे गेला, असं त्याने कोर्टात सांगितलं. आणि रिटनहाउसच्या मते तोच हल्लेखोर. दोघांनाही आपण स्वसंरक्षण करतोय, जीव वाचवतोय असंच वाटत होतं. गर्दीत, अंधारात, गोळीचा आवाज झाल्यावर कोण कोणाला वाचवतंय हे कुणाला कसं कळावं? चौदा नवे पिस्तूलधारी तयार करणाऱ्या वर्गात अर्धा तास तरी यावर हवा.

पोलिसांबद्दल शिक्षकाचं म्हणणं, "तेही आपल्या बाजूने होते." त्या रात्री दुकानांची राखण करायला रिटनहाउससारखे जे सशस्त्र लोक आले होते, त्यांना पोलिसांनी पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि आभार मानले, हे खरं आहे. संचारबंदी चालू असताना! माझे वडील सांगलीत हवालदार होते. गणपती, मोर्चे, दंगली, सगळे बंदोबस्त त्यांनी केले. इथे उघड बंदूक बाळगणं कायदेशीर आहे, तिथे नाही, हा फरक मला कळतो. पण संचारबंदी सगळ्यांना सारखी हवी. एका बाजूला अश्रुधूर आणि दुसऱ्या बाजूला पाणी दिलं की पोलीस कुणाचे, हे लोकांना विचारावं लागत नाही. गोळीबारानंतर तोच मुलगा हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत आला आणि गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा बाबांना फोन लावला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हातात पिस्तूल धरायला शिकायचं असेल तर या बाईंकडे जरूर जा, विशेषतः पहिल्यांदाच जाणाऱ्या बायकांनी. कायद्यासाठी मात्र वेगळा वकील गाठा, आणि फी भरण्याआधी वर्गाला एवढंच विचारा की कायद्याचा तास कोण घेतं. मी त्यांना हे सगळं लिहून पाठवलंय. प्रमाणपत्र ड्रॉवरमध्ये आहे, परवान्याचा अर्ज अजून भरलेला नाही.